घरीच असणारी माणसं

अल्बर्डाबाईंनी दारात उभ्या राहून हात पुढे केला तेव्हा रेन्स्केला वाटलं, त्यांना पायरी चढायला आधार हवा आहे, म्हणून तिने तो हात धरला. बाईंनी तो सोडवून घेतला आणि पुन्हा तसाच पसरला. "आधार नको गं. किल्ली दे. तुमच्या घराची किल्ली." बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं होतं, आणि दरवर्षी बहिणीबरोबर बसने ऑस्ट्रियाला जाणाऱ्या या बाई एकोणऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा उन्हाळाभर गल्लीतच राहणार होत्या. "अकरा वर्षं माझ्या जिरेनियमला पाणी घातलंस. आता तुम्ही डेन्मार्कला निघालात आणि मी बसलेय घरी. म्हणजे आता पाळी माझी," बाई म्हणाल्या. रेन्स्के म्हणाली, "अजून महिना आहे, अल्बर्डाबाई." "महिना काय, बघता बघता जातो. आणि निघायच्या घाईत किल्ली द्यायची राहते, सगळ्यांचीच राहते. तुला काय माहीत म्हणा. तू कधी निघालीस?" यात टोमणा नव्हता. ग्रोनिंगनमध्ये, या त्यांच्या गावात, माणसं दिसतं ते बोलतात, आणि दिसण्यासारखं होतं ते अकरा वर्षं सगळ्या गल्लीला दिसतच होतं. "शोधून ठेवते," ती म्हणाली. बाई वॉकर वळवून, त्याची चाकं विटांवर खडखडवत, शेजारच्या आपल्या दाराकडे गेल्या. त्यांची पाठ आज जरा ताठ होती, काहीतरी काम मिळालेल्या माणसाची असते तशी.

शोधायचं काय होतं त्यात. दुसरी किल्ली स्वयंपाकघराच्या खणात, मेणबत्त्यांच्या शेजारी, रबरबँडात गुंडाळलेली होती; रेन्स्केला ती डोळे मिटून सापडली असती. पण देणार कशी, कुठे जाणार म्हणून देणार? ती स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. समोर भिंतीवर तिच्या नवऱ्याने, हार्मनने केलेली लाकडी फळी होती. सायकलच्या चाकाचे जुने आरे वाकवून त्याने तिला सहा खुंट्या केल्या होत्या, आणि त्या सहा खुंट्यांवर गल्लीतल्या सहा घरांच्या किल्ल्या लटकत होत्या. नऊ नंबरचे मासे. चौदा नंबरचं मांजर, जे आपण पाठ फिरवल्याशिवाय खात नाही. सतरा नंबरचे टोमॅटो. जुलै उजाडला की गल्लीतले लोक रस्त्याच्या कडेला आपापल्या कॅराव्हॅन, मोटारीमागे ओढायची ती चाकांवरची घरं, धुवायला लागत, आणि मग एकेक करून रेन्स्केच्या दारात येत, हातात किल्लीला बांधायची नवी चिठ्ठी आणि चॉकलेटचा डबा. "तुला त्रास नाही ना गं? नाहीतरी तुम्ही घरीच असता." तिला खरंच त्रास नसे. ते रिकामी घरं उघडणं तिला आवडायचं, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक घराला त्याच्या माणसांचा वास असतो, आणि माणसं नसली की तो जास्त कळतो. झारी खाली ठेवून ती नऊ नंबरच्या सोफ्यावर पाच मिनिटं बसायची. तिथे भिंतीवर त्यांचा समुद्रावरचा फोटो होता, चौघंही वाऱ्याने विस्कटलेली, चौघांचीही नाकं लालबुंद. समुद्राचं तिला एवढं नव्हतं. तिला त्या लाल नाकांचा हेवा वाटायचा, की चौघांवर एकच ऊन पडलं होतं.

डेन्मार्क हा शब्द तिच्या तोंडून बारा दिवसांपूर्वी निघाला होता, याच अल्बर्डाबाईंच्या वाढदिवसाला; हार्मन तेव्हा कामावर होता. खुर्च्या भिंतीला लावून गोल केलेला, ज्याने त्याने इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येकाशी हात मिळवून बाईंच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन केलेलं, कॉफी झालेली, केकचा एकेक तुकडा झालेला, आणि मग जूनमध्ये जे व्हायचं तेच झालं: यंदा कुठे, हा प्रश्न डावीकडून उजवीकडे सरकायला लागला. फ्रान्स. क्रोएशिया, पण या वेळी विमानाने. सतरा नंबरवाले पुन्हा फ्रान्स. दरवर्षी प्रश्न तीन खुर्च्यांवर आला की रेन्स्के उठायची आणि कप गोळा करायला लागायची, आणि तिच्या खुर्चीला वळसा घालून प्रश्न पुढे जायचा. लोकही चांगलेच होते, ती पाठमोरी असताना कधी कुणी विचारलं नाही. या वेळीही ती उठणार होती. पण नऊ वर्षांची मारित चीजच्या तुकड्यांची ताटली घेऊन नेमकी तिच्या गुडघ्याशी उभी होती, आणि कुणीतरी वाकून मारितलाच विचारलं, "आणि तुम्ही गं?" मारितने तोंड उघडलं. ती काय बोलणार हे रेन्स्केला माहीत होतं. 'आम्ही कुठेच नाही', असं ती म्हणणार होती, लाज न वाटता, आज गुरुवार आहे असं सांगावं तसं. ती न वाटणारी लाजच रेन्स्केला लागली. आपल्या मुलीला हे इतकं सवयीचं झालं. आणि मारितच्या आधी तीच म्हणाली, "डेन्मार्क."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं, या गावात काटकसरीला कुणी हसत नाही, उलट मान डोलावतात. पण शब्द गेला, आणि गोल खुर्च्यांवरच्या अकरा माणसांनी तो इतक्या आनंदाने झेलला की परत घ्यायला जागा राहिली नाही. सतरा नंबरवाल्याने तिथला पूल किती लांब आहे ते सांगितलं. कुणी म्हणालं, पावसाचे कोट न्या. मारितने ताटली हातात तशीच धरून आईकडे पाहिलं, आणि ती पुढच्या खुर्चीकडे नेली. सोमवारी ती वाचनालयातून डेन्मार्कचं जाडजूड पुस्तक घेऊन आली आणि तेव्हापासून ते तिच्या उशाशी होतं. ती काही विचारत नव्हती. पोरगी जपून चालली होती, भरलेला कप नेताना चालतात तशी. सतरा वर्षांच्या युर्रेने एकदाच, दात घासता घासता, दारातून डोकं आत घालून विचारलं, "आई, डेन्मार्कचं खरंय?" आणि ती "बघू" म्हणाली. तो "बरं" म्हणाला. युर्रे सुपरमार्केटात शेल्फं भरायचं काम करायचा, आणि ऑगस्टच्या शेवटी तो बोटीवरचं काम शिकवणाऱ्या शाळेसाठी एका बेटावर राहायला जाणार होता. तिथून पुढे जहाज. चार वर्षांनी तो कुठल्या बंदरात असेल कोण जाणे. चौघांनी मिळून कुठेतरी जाण्याचा हा एकच उन्हाळा शिल्लक होता, आणि पहिलाही हाच होता. रेन्स्केला भांडी घासताना हे आठवलं की ती तोच कप दोनदा घासायची.

आणि डेन्मार्कच का, तर तेवढा एकच परदेश तिने पाहिला होता. ती मारितएवढी असताना, फेन्डमला, तिच्या माहेरच्या गावी, तिच्या वडिलांनी हप्त्यांवर तंबूगाडी घेतली. मोटारीच्या मागे लावायची, उघडली की आतून आख्खं कापडी घर निघायचं. वडील बटाट्याच्या स्टार्चच्या कारखान्यात होते, घरी आले तरी त्यांच्या कोपरांच्या घड्यांत पांढरं असायचं. घरात ते फार बोलत नसत. सात दिवस डेन्मार्कला, त्यातले पाच पावसाचे. तिला आठवत होता तो तंबूच्या कापडावरचा पावसाचा आवाज, गॅसच्या शेगडीचा वास, आणि तिसऱ्या दिवशी वडील अंगातल्या स्वेटरसकट समुद्रात उतरले ते. आई काठावरून ओरडत होती. ते म्हणाले, ओलंच व्हायचं तर नीट व्हावं. ते हसत होते. बाबांना इतके दात आहेत हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे दोन हिवाळे नवे कोट आले नाहीत, सॉसेज पातळ कापली जाऊ लागली, आणि वाढदिवसांच्या गोलात मावश्या वडिलांना 'तंबूशेठ' म्हणू लागल्या. ऋण काढून सण करणारा माणूस म्हणून फेन्डमच्या त्या रस्त्यावर त्यांची ओळखच झाली. ते नुसते हसायचे, दात न दाखवता. ते वारले तेव्हा रेन्स्के चोवीस वर्षांची होती, आणि मयतीच्या कॉफीलाही एका मामाने तंबूचा विषय काढलाच.

फोन टेबलावर पालथा पडला होता. तिने तो सुलटा केला. बँकेचं पान अजून उघडंच होतं, चार दिवसांपासून. नाव, पगार, घरभाडं, सगळं भरून झालं होतं. दोन हजार युरो, चोवीस महिने. खाली निळं बटण, आणि त्याखाली ती पाटी, जी इथे कर्जाच्या प्रत्येक जाहिरातीखाली असते: सावधान, पैसे उसने घ्यायलाही पैसे पडतात. शेजारी पायात बेडी अडकलेल्या माणसाचं चित्र. टीव्हीवर ही पाटी आली की हार्मन उठून पाणी प्यायला जायचा. मे महिन्यात हातात येणारा सुट्टीचा पगार यंदाही सुट्टीपर्यंत पोचला नव्हता. धुलाईचं मशीन गेलं, आणि युर्रेच्या शाळेचे बूट, कपडे, पहिला हप्ता. ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, पायमोजे चढवायची, गोळ्या द्यायची. तिच्या पगारातून हा हप्ता निघाला असता, ओढाताणीने का होईना. सहीसुद्धा तिची एकटीची चालणार होती. तेच तर वाईट होतं. हार्मनला न सांगता हे करता येत होतं.

हार्मनचं स्वतःचं सायकलचं दुकान होतं एके काळी, पाटीवर त्याचं नाव असलेलं. युर्रे पाच वर्षांचा होता तेव्हा ते बुडालं; आता तो दुसऱ्याच्या दुकानात सायकली दुरुस्त करायचा. मग कोर्टाने नेमलेला एक माणूस तीन वर्षं त्यांचा पैसा सांभाळायचा, त्यांची पत्रंही आधी त्याच्याकडे जायची, आणि दर शुक्रवारी तो आठवड्याचे पैसे सोडायचा. सभ्य माणूस होता. पण त्याने एकदा विचारलं होतं, मुलाला नवी बर्फावरची स्केट्स हवीच आहेत का, आणि हार्मन म्हणाला होता, नाही, नकोत, आणि सायकलवरून घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. त्याच तीन वर्षांत ते या भाड्याच्या घरात आले. ज्या दिवशी ते सगळं संपलं त्या दिवशी दोघांनी याच टेबलाशी बसून सफरचंदाचा केक खाल्ला आणि हार्मन म्हणाला, पुन्हा एक पैसा नाही. ती म्हणाली, एक पैसा नाही. मारित तेव्हा पोटात होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हार्मन तर साधं पाणीसुद्धा फुंकत होता: नऊ वर्षं झाली, तरी अजून त्याला पांढरं लांबट पाकीट उघडता येत नव्हतं. दारातून पत्र पडलं की तो ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवायचा, आणि रेन्स्के आल्यावर उघडायची. याबद्दल ते कधीच बोलले नव्हते. तिसरी पायरी म्हणजे त्यांच्या लग्नातली एक खोली होती, दिवा न लावता वापरायची.

तिने बटणावर अंगठा नेला आणि मग दाबायचं सोडून आईला फोन लावला. का, ते तिलाही कळलं नाही. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, फेन्डमलाच दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची, नाव त्राइन. "काय गं, आज गुरुवार, आज कसा फोन?" आई म्हणाली, कारण त्यांचा फोनचा वार रविवार होता. "कुणी मेलं का?" "कुणी नाही मेलं. आई, ती तंबूगाडी. बाबांनी घेतलेली. तुला कधी राग आला होता का गं त्यांचा?" पलीकडे चमचा कपात फिरत होता, तो थांबला. "हे मधेच कुठून काढलंस?" "सहज." "सहज तू रविवारीसुद्धा काही विचारत नाहीस." आईने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "तंबूगाडी मी घेतली."

"तू म्हणजे?" "मी म्हणजे मी. सही माझी. तीन दिवस तुझा बाप नको म्हणत होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, तो म्हणाला. मी म्हटलं, आयुष्यभर गुडघे पोटाशी घेऊन झोपलेय, एकदा पाय लांब करू दे. मला समुद्र नको होता, बाई. मला तुम्हा सगळ्यांना एका खोलीत घेऊन बाहेरचा पाऊस ऐकायचा होता. वेडेपणाच. चौथ्या दिवशी तो माझ्याबरोबर दुकानात आला आणि बाहेर पडताना म्हणाला, त्राइन, कुणी विचारलं तर माझं नाव सांग. तुझ्या बहिणी तुला फाडून खातील." चमचा पुन्हा फिरायला लागला, हळू. "मग मी त्याचंच नाव सांगितलं. सगळे हसले त्याला. वर्षानुवर्षं हसले. मला वाटायचं, पुढच्या वाढदिवसाला सांगू. मग वाटायचं, आता काय सांगायचं, जुनं झालं. मयतीत तुझा मामा बोलला तेव्हासुद्धा मी कॉफी ओतत राहिले." "आई." "हप्ते चार वर्षांत संपले. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. दुसरं ते राहिलं." मग आईनेच विचारलं, "तुम्ही कुठे जाताय की काय?" "माहीत नाही." "बरं. गेलात तर स्वेटर न्या. आणि फोन ठेव आता, माझे बटाटे उकळतायत." ते खोटं होतं, तीन वाजता आई बटाटे उकळत नसे.

फोन ठेवून ती बसून राहिली. समोरच्या फळीवर खिडकीतून ऊन आलं होतं आणि किल्ल्या चमकत होत्या. तिला पस्तीस वर्षांपूर्वीचा समुद्र पुन्हा दिसला, पण आता वडील स्वेटरसकट आत जात होते ते कुणासाठी, ते तिला कळत होतं. काठावर ओरडणाऱ्या बाईसाठी. ती ओरडत नव्हतीच बहुतेक. ती हसत असावी, नऊ वर्षांच्या मुलीला ते ओरडणं वाटलं. माणूस आपल्या आईबापांना किती कमी ओळखतो आणि किती ठामपणे, असं तिच्या मनात आलं, आणि मग मनात आलं की तिसऱ्या पायरीबद्दल मारितला काय वाटत असेल. तेवढ्यात मारितच दप्तर टाकून आत आली, थेट फळीपाशी गेली आणि विचारलं, "आपली किल्ली कुठे?" "कशाला?" "अल्बर्डा आजी सकाळी शाळेत जाताना म्हणाल्या, त्यांना द्यायची आहे. मी चिठ्ठी केलीय." सगळ्या किल्ल्यांना अशा चिठ्ठ्या असायच्या, कुठल्या झाडाला किती पाणी, मांजराचं काय. मारितने शाळेतच पुठ्ठा कापून, दोरा ओवून, वर रंगीत पेनाने लिहिलं होतं: 'नंबर एकतीस. मासे नाहीत. मांजर नाही. झाडं नाहीत. या आणि बसा.' रेन्स्केने ती दोनदा वाचली. "छान झालीय," ती म्हणाली. मारित म्हणाली, "नाही गेलो तरी चालेल. चिठ्ठी ठेवून देता येते." आणि बिस्किटाचा डबा उघडायला गेली. रेन्स्के तिच्या पाठीकडे बघत राहिली.

हार्मन साडेपाचला आला. नेहमीसारखं त्याने हात तीनदा धुतले, तरी तेलाचा वास राहिलाच, आणि दुसरा चाकू घेऊन तो तिच्या शेजारी बटाटे सोलायला उभा राहिला. मारित बाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती, तिचे आकडे ऐकू येत होते. "अल्बर्डाबाई भेटल्या कुंपणाशी," हार्मन म्हणाला. रेन्स्केचा चाकू थांबला. "विचारत होत्या, डेन्मार्कला कधी निघताय." "मग?" "सत्तावीसला, म्हटलं." त्याने सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. सालं तो पातळ काढायचा, एकसंध, न तुटता. रेन्स्केने विचारलं, "तुला कधी कळलं?" "शनिवारी. युर्रे दुकानात आला होता, चेन घसरतेय म्हणून. घसरत नव्हती. उगाच बसला स्टुलावर. मग म्हणाला, बाबा, सत्तावीसपासून आठवडाभर मला रजा मिळालीय, तुमची पण तेव्हाच आहे ना. मी म्हटलं, हो. कशासाठी ते मला कुठे माहीत होतं. तोच सांगायला लागला, आपण पुलावरून जायचं का. सतरा वर्षांचा घोडा, आणि पुलाबद्दल विचारतो." बटाटा पाण्यात पडला. "त्याचे मित्र आठवडाभर स्पेनला चाललेत. तो म्हणाला, मी नाही जात, आम्ही डेन्मार्कला जातोय. मग मी काय बोलणार?"

तिने सांगितलं. खुर्च्यांचा गोल, चीजची ताटली, बँकेचं पान, चार दिवस. मी तुला न सांगताच करणार होते, हेही सांगितलं, कारण ते ठेवलं असतं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नव्हता. तो ऐकत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण त्याचा चेहरा शुक्रवारचा झाला होता, त्या जुन्या शुक्रवारांचा, आणि ते तिला बघवेना. हात पुसून त्याने फोन मागितला. पान पाहिलं. मग खालची पाटी मोठ्याने वाचली, जाहिरातीतला माणूस वाचतो तशी घाईघाईने, सावधान, पैसे उसने घ्यायलाही पैसे पडतात, आणि वाचता वाचता त्याला हसू आलं, थोडं भित्रं हसू. "हा बेडीवाला जाडा झालाय पूर्वीपेक्षा," तो म्हणाला. मग म्हणाला, "दोन वर्षं." "दोन वर्षं." "पाकिटं येतील." "मी उघडीन." "दर महिन्याला." "दर महिन्याला मी उघडीन, हार्मन. तू पायरीवर ठेव." तिसऱ्या पायरीचं नाव त्यांच्यात पहिल्यांदा निघालं, आणि काही कोसळलं नाही. बाहेर मारित चौऱ्याऐंशीपर्यंत पोचली होती. हार्मन खिडकीतून तिच्याकडे बघत म्हणाला, "मला भीती वाटते गं. अजून वाटते." "मलाही वाटते." "मग करूया. पण एक ऐक. कुणी विचारलं, तुझी आई, माझा भाऊ, कुणीही, तर माझं नाव सांग. हार्मनला हुक्की आली म्हणावं. माझं काय, मी एकदा बुडालेलाच आहे, मला एक शिंतोडा जास्त."

रेन्स्केने चाकू खाली ठेवला. पस्तीस वर्षांचं अंतर त्या ओट्यावर, बटाट्याच्या सालांशेजारी, अगदीच थोडं उरलं. चांगली माणसं एकच चूक किती प्रेमाने करतात. नुसतं हो म्हणायचं होतं, आणि त्याला बरं वाटलं असतं, आणि वर्षानुवर्षं तो वाढदिवसांच्या गोलात दात न दाखवता हसत बसला असता, आणि ती कॉफी ओतत राहिली असती. "नाही," ती म्हणाली. "काय नाही?" "तुझं नाव नाही सांगणार. मला हवं होतं. मला तुम्हा तिघांबरोबर जायचंय. झालं तर माझ्यामुळे झालं, आणि फसलं तर माझ्यामुळे फसलं." असं वाक्य, ज्यात मला आणि हवं शेजारी शेजारी येतात, तिने किती वर्षांत उच्चारलं नव्हतं, ते तिला आठवेना. ओल्या अंगठ्याने बटण दाबलं जाईना, फोन ओल्या बोटाला जुमानत नाही. तिने अंगठा हार्मनच्या शर्टाला पुसला आणि दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. दोघं तो बघत उभे राहिले, दूध उतू जाईल म्हणून उभं राहतात तसे.

जेवणं झाल्यावर, बाहेर अजून लख्ख उजेड असताना, ती किल्ली घेऊन शेजारी गेली, मारितची चिठ्ठी बांधलेली. अल्बर्डाबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "हार्मनच्या डोक्यातून निघालं असणार हे," त्या म्हणाल्या. "पुरुषांना असं काहीतरी सुचतं. पैसा कुठून आणलात?" या गावात विचारतात असं, सरळ. "उसना घेतला," रेन्स्के म्हणाली, "आणि निघालं माझ्याच डोक्यातून. तुमच्या वाढदिवशी मी खोटंच बोलले होते, अल्बर्डाबाई. आज खरं झालं." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. रेन्स्केला वाटलं, आता त्या अंथरुणाचं आणि पायांचं काहीतरी सांगतील. "मला वाटलंच होतं," बाई म्हणाल्या. "अगं, अकरा वर्षं तू पाणी घातलंस, मी काय तुला ओळखत नाही? म्हणून तर किल्ली मागायला आले. म्हटलं, आता हिला मागे फिरता येऊ नये." मग चिठ्ठीवर बोट ठेवून त्या जरा नाराजीने म्हणाल्या, "पण हे काय, झाडं नाहीत? एकही? मग मी घालू कशाला पाणी?" रेन्स्के म्हणाली, "नुसत्या या. बसा." बाईंनी किल्ली मुठीत धरून दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, जायला अजून चार आठवडे असताना, विटांवर चाकं खडखडली. रेन्स्के दारात आली तर अल्बर्डाबाई वॉकर ढकलत येत होत्या, आणि पुढच्या टोपलीत, टॉवेलात गुंडाळलेली, जिरेनियमची कुंडी होती. तीच, खिडकीतली मोठी, जिच्या कुठल्या फांदीला ऊन लागतं आणि कुठलीला नाही हे रेन्स्केला तोंडपाठ होतं. "सरक," बाई म्हणाल्या. "हिला तुमच्या खिडकीची आधी सवय व्हायला हवी." त्यांनी कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि, रेन्स्के दार उघडं धरून समोर उभी असतानाही, ती कुलपात घालून एकदा फिरवून पाहिली.